अमेरिकेचा फोन आणि संगमेश्वरचा टॉवर

धाकट्या भावाने टेक्सासहून आईसाठी फोन पाठवला तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं. अँड्रॉइड, साडेसहा इंची पडदा, दणदणीत बॅटरी. आईचं मागणं मोठं नव्हतंच. नातवंडांचे चेहरे दिसावेत आणि अक्षरं चष्म्याशिवाय वाचता यावीत, एवढंच. फोन एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर डोंबिवलीला माझ्याकडे आला. तो गावी पोचवायचं आणि चालू करून द्यायचं काम अर्थातच थोरल्याचं.

आई राहते संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून आत, सह्याद्रीच्या अंगाला असलेल्या एका वाडीत. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आणि त्यात बीएसएनएलचं जुनं सिम. हा नंबर बँकेत आहे, गॅसला आहे, आधारला आहे, आणि वाडीतल्या निम्म्या घरांत भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला आहे. त्यामुळे तिने आधीच बजावलं होतं, “फोन कुठला पण दे, नंबर माझा हाच राहिला पाहिजे.”

गावी नेण्याआधी मी फोनमध्ये माझं सिम घालून पाहिलं. पडद्यावर संदेश आला की हा फोन एका विशिष्ट कंपनीच्याच नेटवर्कला बांधलेला आहे, अनलॉक करा. भावाला फोन लावला. तो म्हणाला, “दादा, हप्त्यावर नाही घेतलेला, पूर्ण पैसे मोजलेत.” त्याचं खरं होतं, पण पैसे फिटणं वेगळं आणि कुलूप उघडणं वेगळं. अमेरिकेत मोबाइल कंपन्या प्रीपेड फोन दुकानात बऱ्याच कमी किमतीला ठेवतात, कारण गिऱ्हाईक पुढे त्यांचाच रिचार्ज मारणार हे त्यांनी धरलेलं असतं. फोन त्यांच्या नेटवर्कवर ठरावीक काळ चालू राहिला की मगच कुलूप काढून मिळतं. हा काळ कंपनीगणिक बदलतो. आपल्याकडे दुकानातून घेतलेला फोन बहुतेक वेळा मोकळाच असतो, म्हणून हा प्रकार आपल्या ध्यानातही येत नाही. नाही म्हणायला जिओभारतसारखे स्वस्त फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात.

भावाने सुदैवाने हा फोन काही महिने स्वतःचा दुसरा फोन म्हणून वापरला होता, त्यामुळे मुदत भरली होती. तरी कंपनीच्या मदत केंद्राने त्याला बराच वेळ ताटकळवलं. एकाने सांगितलं कोड मिळेल, दुसऱ्याने सांगितलं कोड नसतो, फोनमध्येच एक अ‍ॅप आहे त्यातून विनंती करायची. दुसरा बरोबर होता. वायफाय लावून त्या अ‍ॅपमधून विनंती केली, फोन बंद करून चालू केला आणि कुलूप निघालं. आयफोन असता तर हे तपासणं सोपं होतं. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली ‘कॅरियर लॉक’ अशी एक ओळच असते, तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं की फोन मोकळा. आणि आयफोनचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो, २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिम घालायला खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम. आईवडिलांसाठी तिकडून आयफोन आणणाऱ्यांनी ही गोष्ट विमानात बसण्यापूर्वी लक्षात घ्यावी.

कुलूप निघाल्यावर मला वाटलं की झालं. खरी गंमत त्याच्या पुढे होती.

माझं सिम घातलं तर डोंबिवलीसारख्या ठिकाणी, जिथे खिडकीतून टॉवर दिसतो, फोनवर नुसतं ‘ई’ हे अक्षर आलं. ई म्हणजे एज, म्हणजे टूजी. कॉल लागत होता, पण साधं पान उघडेना. बायकोचं जिओचं सिम घातलं तर उलट झालं. फोरजी आलं, इंटरनेट धावलं, व्हॉट्सअ‍ॅप सुरू झालं, पण कॉल लावला की क्षणभर थांबून कट. दोन्ही सिमं आमच्या रोजच्या फोनमध्ये उत्तम चालत होती, तेव्हा सिमकडे बोट दाखवायला जागा नव्हती. एकाच फोनमध्ये एका सिमला कॉल आहे पण नेट नाही, आणि दुसऱ्याला नेट आहे पण कॉल नाही! मुलगी म्हणाली, “बाबा, दोन फोन द्या आजीला.”

कारण शोधायला मी फोनच्या मॉडेल क्रमांकावरून निर्मात्याच्या संकेतस्थळावर गेलो. इथे एक खबरदारी. फोनचं नाव पाहायचं नाही, मॉडेल क्रमांक पाहायचा. एकाच नावाचा फोन अमेरिकेत, युरोपात आणि भारतात वेगवेगळ्या रेडिओ भागांसह विकला जातो, आणि फरक क्रमांकाच्या शेवटच्या एखाददुसऱ्या अक्षरात लपलेला असतो. आमच्या फोनच्या पानावर फोरजीपुढे आकड्यांची रांग होती: २, ४, ५, १२, १३, २५, २६, ४१, ६६, ७१. हे बँड. बँड म्हणजे लहरींचा ठरावीक पट्टा. रेडिओचा काटा ज्या स्टेशनपर्यंत जातच नाही ते स्टेशन कितीही जोरात असलं तरी आपल्याला ऐकू येत नाही, तसं हे.

आता आपल्याकडची रांग पाहा. जिओचं फोरजी बँड ३, ५ आणि ४० वर, म्हणजे १८००, ८५० आणि २३०० मेगाहर्ट्झवर. एअरटेलचं प्रामुख्याने १, ३, ८ आणि ४० वर. व्हीआयचं १, ३, ८ आणि ४१ वर. बीएसएनएलचं नवं फोरजी बँड २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, आणि बँड १ म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ यांवर. दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या की उलगडा होतो. भारतातला सगळ्यात कामाचा बँड ३ या फोनमध्ये नाही. ४० नाही, ८ नाही, १ नाही, २८ तर नाहीच. जुळतात ते ५ आणि ४१. म्हणून जिओचा ८५० चा पट्टा तेवढा त्याने पकडला आणि माझ्या सिमच्या कंपनीचा एकही पट्टा न जुळल्याने तिथे तो टूजीवर उतरून बसला. खोक्यावर ‘फोरजी एलटीई’ असं ठसठशीत छापलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. फक्त ते टेक्सासचं फोरजी होतं.

हा घोळ आजचा नाही. जीएसएमच्या, म्हणजे टूजीच्या काळातही अमेरिकेत ८५० आणि १९०० चालायचे, आपल्याकडे ९०० आणि १८००. म्हणून तेव्हा ‘क्वाडबँड’ फोनचा एवढा तोरा होता, चारही पट्टे पकडतो म्हणून. त्याच काळातलं दुसरं प्रकरण तर अजून अवघड. २००३ मध्ये ‘मान्सून हंगामा’त पाचशे एक रुपयांत रिलायन्सचा फोन घेतलेल्यांना आठवत असेल, सीडीएमए या वेगळ्या तंत्रावरच्या त्या फोनना सिमच नसायचं. नंबर फोनमध्येच भरलेला. कंपनी बदलायची तर फोनही टाकायचा. अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्याही सीडीएमएवर होत्या, आणि तिकडून आणलेले कित्येक फोन इथे कपाटात पडून राहिले. फोरजीने जगभर तंत्र एकच केलं खरं, पण पट्टे काही एक झाले नाहीत.

कॉल न लागण्याचं कारण मात्र बँड नव्हतं. ते होतं व्होएलटीई. फोरजी हे मुळात फक्त डेटाचं जाळं आहे. पूर्वीच्या टूजी-थ्रीजीमध्ये बोलण्यासाठी स्वतंत्र वाट असायची, फोरजीत ती नाही. त्यामुळे फोरजीवर आवाज पाठवायचा तर तो डेटाच्याच पाकिटांतून, पण अग्रक्रम देऊन पाठवावा लागतो. ते व्होएलटीई. ज्या फोनला ते जमत नाही त्याला कॉल आला की नेटवर्क त्याला तेवढ्यापुरतं खाली टूजीवर उतरवतं आणि बोलणं संपलं की परत वर घेतं. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलचं टूजी अजून चालू आहे, म्हणून तिथे ही पायरी उपलब्ध आहे. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेच मुळी फक्त फोरजीवर. खाली उतरायला पायरीच नाही. म्हणून त्या वेळी व्होएलटीई नसलेल्या फोनसाठी त्यांनी कॉल करायचं वेगळं अ‍ॅप दिलं होतं.

मग हा नवा फोन व्होएलटीई जाणत नव्हता का? जाणत होता, पण त्याच्या मोडेममध्ये, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या भागात, प्रत्येक मोबाइल कंपनीसाठी वेगळी मांडणी भरलेली असावी लागते, आणि याच्यात फक्त अमेरिकन कंपन्यांची होती. मी *#*#४६३६#*#* दाबून आतलं पान उघडलं, व्होएलटीईचं बटण सुरू केलं. ते सुरू झालं, हिरवंही झालं, आणि कॉल पूर्वीसारखाच कट. वायफाय कॉलिंगचा पर्याय तर दिसतच नव्हता, कारण तेही त्याच व्यवस्थेवर उभं असतं. इंटरनेटवर अशा फोनना आतून धक्का देऊन व्होएलटीई चालू करण्याचे नाना उपाय आहेत. माझा भाचा त्यात पटाईत आहे. तो म्हणाला, “मामा, अर्ध्या तासात करून देतो.” मी नको म्हटलं. पुढच्या अपडेटनंतर ते बंद पडलं तर देवरुखच्या पलीकडे राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या बाईने काय करायचं? तिचा फोन असा हवा की कुणीही हात न लावता चालेल. अमेरिकन फोन मुलीकडे गेला, घरच्या वायफायवर ती त्यावर व्याख्यानं बघते.

गणपतीच्या आधी गावी गेलो तेव्हा मी उलट्या बाजूने सुरुवात करायची ठरवली. आपण सगळे आधी फोन निवडतो, मग प्लॅन, आणि शेवटी घरात रेंज येते का ते बघतो. माझं मत असं झालंय की आधी घर. त्या घरात, त्या खोलीत, जिथे माणूस खरोखर बसतो तिथे कुठल्या कंपनीचा कुठला पट्टा पोचतो ते पाहायचं आणि मग त्या पट्ट्याला चालेल असा फोन घ्यायचा. शहरात याची गरज नाही, तिथे सगळ्यांचं सगळं पोचतं. डोंगराच्या कुशीत मात्र याशिवाय पैसे घालवू नयेत. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमामुळे आता कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे असतात, ते मी पाहिले होते. नकाशात वाडीवर रंग होता. पण नकाशाला आमच्या घराच्या चिऱ्याच्या भिंती माहीत नाहीत.

माझ्या फोनमध्ये ‘नेटमॉन्स्टर’ नावाचं अ‍ॅप टाकलेलं होतं. ते फोन कुठल्या टॉवरला, कुठल्या बँडवर धरून आहे आणि सिग्नल किती आहे ते आकड्यांत दाखवतं. सिग्नलच्या त्या दांड्यांवर विसंबू नये. कुठला निर्माता किती सिग्नलला किती दांड्या दाखवतो याला काही धरबंध नाही. आकडे मात्र खरं सांगतात. ते सगळे उणे असतात, आणि शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. फोरजीला उणे ९० असेल तर निवांत, उणे ११० च्या पुढे बोलणं तुटायला लागतं, उणे १२० म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. सिमं उसनी मिळाली. एक माझं, एक शेजारच्या राणेकाकूंच्या मुलाचं, आणि बीएसएनएलचं एक, तेही आईचं नसून पोस्टमनचं, कारण आईचं सिम टूजीच्या जमान्यातलं, फोरजी न पकडणारं होतं.

खळ्यापासून सुरुवात केली. आई पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “पाणाड्यासारखा काय फिरतोस रे?” उपमा अगदी बरोबर होती, हातात नारळाऐवजी फोन होता एवढंच.

बाजाराच्या गावातल्या खासगी टॉवरचा २३०० चा पट्टा खळ्याच्या टोकाला, आंब्याखाली उभं राहिलं तर मिळायचा, पडवीत पाऊल टाकलं की गायब. त्याच कंपनीचा ८५० चा पट्टा पडवीपर्यंत यायचा, पण उणे ११२ वर, आणि माजघरात तोही नाही. दुसऱ्या कंपनीचं टूजी सगळीकडे होतं आणि फोरजी कुठेच नव्हतं. बीएसएनएलचा टॉवर शाळेमागच्या टेकाडावर, मधे एक पऱ्या आणि काजूची बाग. पोस्टमनच्या सिमने तिथलं फोरजी पकडलं आणि अ‍ॅपमध्ये वाहिनीचा क्रमांक दिसला तो नऊ हजारांच्या घरातला. ९२१० ते ९६५९ मधला क्रमांक म्हणजे बँड २८, ७०० मेगाहर्ट्झ. पडवीत उणे ८८. माजघरात उणे १००. स्वयंपाकघरात, दोन भिंती ओलांडून, उणे १०९.

हे असंच व्हायला हवं होतं. लहरीची वारंवारता जितकी कमी तितकी ती लांब जाते, आणि भिंती, झाडं, डोंगराचे कडे यांतून वाट काढते. २३०० च्या पट्ट्यात वेग जास्त मिळतो, म्हणून तो दाट वस्तीला बरा. दीड फूट जाडीचा चिरा आणि वर कौलं असलेल्या घरात आवाज पोचवायचा तर ७०० सारखा पट्टा नाही. बीएसएनएलचं हे फोरजी देशातच बनवलेल्या यंत्रणेवर चालतं. सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था आणि तेजस, टीसीएस या कंपन्या यांनी मिळून ती उभी केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिचं देशभर रीतसर उद्घाटन झालं. शहरातल्या मित्रांमध्ये बीएसएनएलचं नाव काढलं की लोक हसतात. मीही हसायचो. पण आमच्या माजघरात बाकी कुणाचं फोरजी पोचत नव्हतं.

आईची एक तक्रार होती की पावसात रेंज जाते. शाळेजवळ राहणाऱ्या एकाने त्याचा खुलासा केला. पाऊस नाही, वीज जाते. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, आणि आमच्याकडे श्रावणात वीज जाते ती रात्रभर जाते. यावर कुठल्याही फोनचा उपाय नाही. सगळे टॉवर त्याच तारेवर.

वाडीतल्या पोरांनी ‘पोर्ट करून टाका ना काका’ असा सल्ला दिला. पोर्ट करणं खरंच सोपं आहे. १९०० वर संदेश पाठवायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं, आणि नंबर तोच राहतो. २०११ च्या जानेवारीत ही सोय देशभर आली आणि जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागातून, दुसऱ्या सर्कलमध्येही नंबर नेता येतो. आमच्यासारख्यांना त्याचं महत्त्व, कारण कल्याण-डोंबिवली मुंबई सर्कलमध्ये मोडते आणि संगमेश्वर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. पण पोर्ट करून जायचं कुठे? आंब्याखाली?

तेव्हा ठरलं: सिम बीएसएनएलच, फोन बँड २८ चा आणि त्या सिमला व्होएलटीई देणारा. बटणांचा फोरजी फोनही मी पाहिला, पण त्यावर नातवंडं काड्यापेटीएवढी दिसली असती.

फोन घ्यायला रत्नागिरीला गेलो. दुकानातल्या मुलाला विचारलं, “यात फोरजीचा बँड २८ आहे का?” तो म्हणाला, “काका, फाइव्हजी आहे, सगळंच चालतं.” मग मी तिथेच उभा राहून निर्मात्याच्या पानावर मॉडेल क्रमांक टाकला. पहिल्या फोनमध्ये ‘एन२८’ होतं आणि ‘बी२८’ नव्हतं. पट्टा तोच ७०० चा, पण ‘एन’ म्हणजे फाइव्हजीवर आणि ‘बी’ म्हणजे फोरजीवर. भारतात ७०० वर फाइव्हजी जिओ चालवतं, म्हणून निर्माते ते आवर्जून घालतात. बीएसएनएलच्या फोरजीला त्याचा उपयोग शून्य. ही रांग वाचताना घाईत हे अक्षर हमखास सुटतं. दुसरा फोन त्याहून स्वस्त, नुसता फोरजी, आणि त्यात १, ३, ५, ८, २८, ४०, ४१ सगळे होते. मुलगा कौतुकाने म्हणाला की हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला वाटतं त्याला मी जरा चक्रमच वाटलो असणार. वापरलेला फोन स्वस्तात मिळत होता, तोही पाहिला. *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढला आणि ‘केवायएम’ लिहून पुढे तो क्रमांक १४४२२ वर पाठवला. चोरीचा किंवा काळ्या यादीतला असेल तर उत्तरात कळतं. तो फोन नीट होता, पण बॅटरी म्हातारी होती, म्हणून नवाच घेतला.

मग सिम. टूजीच्या काळातलं जुनं सिम फोरजी पकडत नाही, ते बदलावं लागतं. नंबर तोच राहतो, पण ज्याच्या नावावर नंबर आहे तो माणूस समोर हवा. आईला घेऊन देवरुखला गेलो. तिथे आधारची ओळख पटवायला अंगठा, आणि आईचा अंगठा यंत्र घेईना. सत्तर वर्षं लावणी-कापणी करून रेषा झिजलेल्या. आई यंत्राला म्हणाली, “चोराचे बरे घेतोस.” काउंटरवरच्या बाईंनी न वैतागता बोटं पुसायला लावली, एकेक करून सगळी लावून पाहिली, आणि शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाने काम केलं.

इथे दोन गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. सिम बदललं की सुरक्षेसाठी चोवीस तास एसएमएस बंद राहतात, येणारेही आणि जाणारेही. म्हणजे त्या दिवशी बँकेचा ओटीपी लागणारं कुठलंही काम काढायचं नाही. आईला पेन्शन काढायची होती, ती पासबुक घेऊन स्लिपवर काढली, अडलं नाही. दुसरं म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या नियमाने सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही. दोन्ही नियम एकाच चोरीवर आहेत, दुसऱ्याच्या नावाने सिम काढून बँक खातं साफ करण्याच्या.

घरी येऊन सिम घातलं. फोरजी लगेच आलं. व्होएलटीईचं बटण मात्र सेटिंग्जमध्ये दिसेना, आणि माझ्या पोटात गोळा आला. अमेरिकन फोनची आठवण ताजी होती. पडवीत बसून सॉफ्टवेअर अपडेट उतरवलं, त्याला बराच वेळ लागला, पण फोन पुन्हा सुरू झाला तेव्हा बटण जागेवर होतं. आईच्या फोनवरून राणेकाकूंना कॉल लावला आणि मी नुसता वरच्या कोपऱ्याकडे बघत राहिलो. कॉल चालू असताना फोरजीचं चिन्ह खाली ‘ई’वर घसरलं नाही. काकू पलीकडून विचारत होत्या, “अगो, शेजारून फोन कशाला करतेस?”

व्हिडिओ कॉल माजघरात खिडकीपाशी स्वच्छ चालतो. स्वयंपाकघरात चित्र गोठतं, आवाज राहतो. आईने तिची खुर्ची खिडकीपाशी नेली. टेक्सासची मंडळी रात्री झोपायच्या आधी करतात, तेव्हा तिची सकाळची पूजा आटोपलेली असते.

राहिला प्लॅन. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले रिचार्ज ठेवा, आणि अशा रिचार्जची मुदत वर्षापर्यंत नेता येईल असंही केलं. आईचा जुना फोन असता तर तेच घेतलं असतं, आणि वाडीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना मी ते करून दिलं. आईला आता डेटा लागणार. रोजचे दोन जीबी तिला काय करायचेत? रोजचा व्हिडिओ कॉल पंधरा-वीस मिनिटांचा आणि उरलेल्या वेळात भजनं. त्यामुळे रोजचा कोटा लहान आणि मुदत लांब असा प्लॅन शोधला. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज दिसायला स्वस्त असतो, पण वर्षात बाराऐवजी तेरा वेळा भरावा लागतो, आणि मी डोंबिवलीत बसून विसरलो तर ती इकडे गप्प होणार. मी म्हटलं, “वर्षाचा एकदम भरतो, कटकट नको.”

आईने हिशेब केला. “आणि मी मधेच गेले तर उरलेले पैसे परत देतात?”

“नाही देत.”

“मग तीन-तीन महिन्यांचं भर.”